केटलच्या तळाशी साचणारा दगड

इलेक्ट्रिक केटलमध्ये पाण्याशिवाय काही जात नाही, त्यामुळे तिला साफसफाई लागते हे बऱ्याच घरांत लक्षातच येत नाही. चहाचं पातेलं रोज घासलं जातं, दुधाचं लगेच भिजत टाकलं जातं. केटल मात्र ओट्याच्या कोपऱ्यात तशीच राहते. मग एके दिवशी कपातल्या पाण्यावर पांढरे पापुद्रे तरंगताना दिसतात, आणि झाकण उघडून पाहावं तर तळावर करडा, खरखरीत थर जमलेला असतो. लगेच हात जातो तारेच्या घासणीकडे. तो आवरायला हवा. हा थर मळाचा नसून चुनखडीचा, म्हणजे अक्षरशः दगडाचा असतो. घासून तो नीट निघत नाही, आणि निघालाच तर स्टीलवर ओरखडे पाडून निघतो. त्याला विरघळवावं लागतं. केटलची निगा राखण्यातलं निम्मं शहाणपण एवढ्यातच आलं. उरलेलं निम्मं वाफेच्या वाटेशी आणि विजेशी संबंधित आहे.

हा दगड येतो पाण्यातूनच. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आंबट होतं. वाटेत खडकातली खनिजं झिजवत, चुना विरघळवत ते खाली उतरतं. दख्खनच्या काळ्या खडकातून असंच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात येतं. काळ्या मातीच्या पट्ट्यात तर चुनखडीचे खडे शेतातच सापडतात. पाण्यात ही खनिजं बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेली असतात, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते बाहेर पडतं, आणि पडतं तेही जिथे पाणी सर्वांत जास्त तापतं तिथे. केटलमध्ये ती जागा म्हणजे तळ. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं असा आपला रोजचा अनुभव असतो. चुनखडीची रीत नेमकी उलटी आहे.

म्हणूनच एकाच शहरातल्या दोन घरांत केटलची अवस्था अगदी वेगळी असू शकते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून पाणी येतं. पुण्याच्या जुन्या भागात खडकवासल्याचं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस फारसा जमिनीत न मुरता धरणात साठतो, त्यामुळे हे पाणी हलकं असतं आणि केटल महिनोन्‌महिने चकचकीत राहू शकते. पण त्याच पुण्याच्या कडेला, जिथे नव्या सोसायट्या बोअरवेलवर आणि टँकरवर चालतात, तिथे दोन-तीन आठवड्यांत तळ पांढरा होतो. घर बदललं, केटल तीच राहिली, आणि अचानक क्षार चढू लागला, तर दोष केटलचा नसतो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं जे मानक आहे, आयएस १०५००, त्यात एकूण कठीणपणाची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या प्रमाणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. आता हिशोब करून पाहा. तुमच्या पाण्याचा कठीणपणा ३०० आहे आणि केटलमध्ये रोज दोन लिटर पाणी उकळतं असं धरलं, तर रोज ६०० मिलिग्रॅम क्षार केटलमधून जातो. त्यातला तिसरा हिस्सा जरी मागे राहिला, तरी महिन्याला सहा ग्रॅम झाला. चहाचा चमचा भरेल एवढी चुनखडी तळावर पसरली, तर ती दिसणारच.

हा थर पोटात गेला तर काय, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. तो कॅल्शियमचाच एक साधा क्षार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. मुतखड्याची धास्ती अनेकांना असते. पण बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि त्यांची कारणं शरीराच्या आत घडतात. केटलमधला पापुद्रा तिथे जाऊन बसत नाही. चहाची चव आणि रूप मात्र अशा पाण्याने नक्की बदलतं. दूध न घातलेल्या चहावर जी तेलकट दिसणारी साय येते, तिचा अभ्यास लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या मायकेल स्पिरो आणि देओग्रॅशियस जागान्यी यांनी करून १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला होता. ती साय तेलाची नसते. चहातली द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनमुळे बदलतात, आणि त्यासाठी पाण्यात कॅल्शियम व बायकार्बोनेट असावं लागतं. कोऱ्या चहात लिंबू पिळलं की ती नाहीशी होते. पुढे केटलसाठी आपण जे करणार आहोत, त्याचंच हे छोटं रूप.

क्षारामुळे विजेचं बिल भरमसाट वाढतं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. इलेक्ट्रिक केटलच्या बाबतीत हे फारसं खरं नाही. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ०.०९ युनिट वीज लागते, म्हणजे एका युनिटमध्ये दहा लिटरच्या आसपास पाणी उकळतं. तळावर थर असला तरी खालच्या कॉइलची बहुतेक उष्णता अखेर पाण्यातच जाते, तिला जायला दुसरी मोठी वाट नसते. नुकसान होतं ते वेगळ्या ठिकाणी. चुनखडीतून उष्णता स्टीलपेक्षा फार सावकाश जाते. ती अडली की तळाचा पत्रा आणि खालची कॉइल नेहमीपेक्षा जास्त तापतात, आणि रोज थोडी जास्त तापणारी कॉइल लवकर जळते. शिवाय केटलमध्ये तापमान ओळखणारे जे छोटे भाग असतात, त्यांचा अंदाज या जास्तीच्या उष्णतेमुळे चुकतो.

हे भाग समजून घेण्यासारखे आहेत, कारण केटल ‘बिघडली’ म्हणून जी टाकली जाते तिच्यात पुष्कळदा एवढीच गोष्ट झालेली असते. पाणी उकळल्यावर आपोआप बंद होणारी केटल इंग्लंडमध्ये १९५५ च्या सुमारास रसेल हॉब्स कंपनीने बाजारात आणली. तिच्यातली युक्ती आजही तीच आहे. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या आणि त्या तापल्या, तर एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी, आणि जोडपट्टी वाकते. पाणी उकळलं की वाफ एका छोट्या छिद्रातून या पट्टीपर्यंत पोहोचते, पट्टी वाकते आणि बटण खट्‌कन पडतं. म्हणजे केटल बंद होते ती पाणी तापल्यामुळे नव्हे, तर वाफ त्या पट्टीला लागल्यामुळे. अशीच दुसरी एक पट्टी किंवा चकती तळाखाली असते. केटल रिकामी चालू केली किंवा पाणी आटलं, की तळ बेसुमार तापतो आणि ही चकती वीज तोडते. ब्रिटनमधले संशोधक जॉन टेलर यांचं या चकत्यांच्या घडणीत मोठं काम आहे, आणि त्यांनी उभी केलेली आयल ऑफ मॅन बेटावरची स्ट्रिक्स ही कंपनी जगभरातल्या केटलसाठी असे भाग बनवते.

आता तक्रारींची कारणं आपोआप उलगडतात. पाणी उकळायच्या आतच केटल बंद पडत असेल, तर तळावरच्या थरामुळे तळाचा पत्रा जास्त तापतो आहे आणि खालच्या चकतीला केटल रिकामी असल्यासारखं वाटतं आहे. क्षार काढला की बहुतेक वेळा ही तक्रार जाते. उलट, पाणी खळखळा उकळतंय तरी केटल बंदच होत नसेल, तर वाफ पट्टीपर्यंत पोहोचत नाही. झाकण नीट बसलेलं नसतं, तोटीजवळची जाळी निखळलेली असते, किंवा आतल्या बाजूचं वाफेचं छिद्र बुजलेलं असतं. ते छिद्र बहुधा मुठीच्या वरच्या टोकाला, झाकणाच्या खाली दिसतं. आणि केटल पूर्वीपेक्षा जास्त घरघर करू लागली, तर झाकण उघडून तळ पाहावा. थर चढल्याची ती बऱ्यापैकी भरवशाची खूण आहे.

थर काढायला आम्ल हवं. चुनखडीला आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि कॅल्शियम पाण्यात विरघळणाऱ्या रूपात जातं. घरात मिळणाऱ्या आम्लांपैकी माझी पसंती लिंबूसत्त्वाला आहे, म्हणजे किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळणाऱ्या सायट्रिक ॲसिडला. ते स्वस्त आहे, त्याला वास नाही, आणि थोडं पुरतं. रसायनशास्त्राच्या हिशोबाने दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड साडेसात ग्रॅमच्या आसपास चुनखडी विरघळवू शकतं. म्हणजे वरच्या हिशोबातला महिन्याचा थर एका वेळेस निघतो. एवढ्याच कामाला चार टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर सव्वादोनशे मिलिलिटरहून जास्त लागेल, आणि घरभर वास पसरेल तो वेगळाच. ताजं लिंबू पिळणंही चालतं. पण एका कागदी लिंबातून जेमतेम एक ग्रॅम आम्ल मिळतं, त्यामुळे जाड थरासाठी ती नासाडीच. चिंच आणि आमसूल तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी उत्तम, कारण तिथे धातूवरचा काळसर थर काढायचा असतो. केटलमध्ये चिंचेचा उपयोग नाही. तिच्यातल्या टार्टारिक आम्लाचा कॅल्शियमशी जो क्षार होतो तो पाण्यात फारसा विरघळत नाही, आणि कोळ जाळीत अडकतो तो वेगळाच त्रास.

लिंबूसत्त्व वापरतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. त्याचा कॅल्शियमशी होणारा क्षार गार पाण्यात थोडा विरघळतो, उकळत्या पाण्यात आणखी कमी. त्यामुळे दाट द्रावण बराच वेळ उकळत ठेवलं, तर एक थर निघताना दुसरा पांढरा थर बसू शकतो, आणि तो काढणं जास्त अवघड. म्हणून द्रावण कोमट ते गरम हवं, उकळतं नको. केटल निम्मी किंवा फार तर पाऊण भरावी, लिटरमागे एक मोठा चमचा लिंबूसत्त्व टाकून ढवळावं, केटल चालू करावी आणि वाफ धरायच्या आत हाताने बंद करावी. थर जाड असेल तर फसफसून पाणी वर येतं, म्हणून ती काठोकाठ भरायची नाही. मग वीस-तीस मिनिटं तशीच ठेवावी. बुडबुडे थांबले आणि थर अजून शिल्लक असला, तर तेच पाणी परत तापवत बसू नये. त्यातलं आम्ल संपत आलेलं असतं. ते ओतून द्यावं आणि नवं द्रावण करावं. वर्षानुवर्षांचा थर दोन-तीन वेळा केल्यावर निघतो, त्याची घाई करू नये.

व्हिनेगरला ही उकळीची अडचण नाही, कारण त्याचा कॅल्शियमशी होणारा क्षार पाण्यात सहज विरघळतो. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून गरम करावं आणि अर्धा तास ठेवावं. खिडकी उघडी असावी, आणि तोंड केटलवर नेऊन आत डोकावू नये. त्या वाफेने डोळे चुरचुरतात. दोन्ही पद्धतींनंतर केटल दोन-तीनदा खंगाळावी, मग कमाल खुणेपर्यंत साधं पाणी भरून एकदा उकळावं आणि ते ओतून द्यावं. व्हिनेगर वापरलं असेल तर दोनदा. तोटीची जाळी बहुतेक केटलमध्ये निघते. ती वाटीभर द्रावणात वेगळी बुडवून ठेवावी आणि जुन्या टूथब्रशने हलकी घासावी. वाफेच्या छिद्रावरून ओला कापूस गुंडाळलेली काडी फिरवावी. तिथे पाणी ओतू नये, कारण त्या वाटेने ते बटणाच्या आतल्या भागात उतरतं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याची क्लृप्ती फार लोकप्रिय आहे. फसफस जोरात होते, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात सोडा हा आम्लाचा विरोधक आहे. दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. चुनखडी जिथल्या तिथे राहते. सोड्याचं काम निराळं आहे. चहाचे डाग, करपलेलं दूध, तेलकट वास यांच्यावर तो चांगला चालतो. ज्या केटलमध्ये दोन्ही प्रकारचा थर असेल तिथे आधी सोड्याने चिकटा काढावा, केटल स्वच्छ धुवावी, आणि मग लिंबूसत्त्व घालावं. क्रम उलटा केला तर आम्ल चिकट्याखालच्या चुनखडीपर्यंत पोहोचत नाही.

काही गोष्टी केटलजवळ आणूच नयेत. बाथरूम धुण्याचं ॲसिड चुनखडी क्षणात खातं हे खरं, पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. स्टेनलेस स्टील टिकतं ते त्याच्यावरच्या क्रोमियमच्या अतिशय पातळ ऑक्साइड थरामुळे, आणि क्लोराइड नेमका तोच थर फोडून बारीक खड्डे पाडतं. ब्लीचिंग पावडर आणि मिठाचं पाणीही याच कारणाने वर्ज्य. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. तो जीवघेणा आहे, आणि बंद स्वयंपाकघरात तर फारच. तारेच्या घासणीचे बारीक तुकडे स्टीलमध्ये रुतून बसतात आणि नंतर गंजतात. लोकांना वाटतं केटलच गंजली. तळावरचे सगळेच तांबूस ठिपके गंजाचे नसतात हेही सांगायला हवं. पाण्यात थोडं लोह असलं तर ते चुनखडीसोबत बसतं आणि लिंबूसत्त्वाने निघून जातं. निळसर-सोनेरी इंद्रधनुषी झाक म्हणजे तापून जाड झालेला तोच ऑक्साइडचा थर. तिचा काही अपाय नाही.

दूध, चहापत्ती आणि मॅगी यांच्याबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण हॉस्टेलवरच्या आणि भाड्याच्या खोलीतल्या मुलामुलींच्या केटल बहुधा यांच्यामुळेच जातात. गॅस नाही, भूक लागलेली आहे, तेव्हा केटलमध्ये मॅगी शिजणार हे समजू शकतं. पण साध्या केटलचा तळ काही मिनिटांत फार तापतो. दुधातली प्रथिनं तिथे चिकटून करपतात, फेस वाफेच्या छिद्रात शिरतो, आणि उतू गेलेलं दूध तोटीवरून खाली, थेट विजेच्या जोडणीपर्यंत जातं. अन्न शिजवण्यासाठी रुंद तोंडाच्या, तापमान कमी-जास्त करता येणाऱ्या केटल वेगळ्या मिळतात. साध्या केटलमध्ये पाणी उकळावं आणि ते नूडल्सवर किंवा उपम्याच्या तयार मिश्रणावर ओतून भांडं झाकून ठेवावं.

रोजची निगा फार थोडी आहे. लागेल तेवढंच पाणी घ्यावं, पण किमान खुणेच्या खाली नाही. उरलेलं पाणी रात्रभर केटलमध्ये ठेवू नये. ते ओतून झाकण उघडं ठेवलं की तळाच्या उरलेल्या उष्णतेने आतली ओल सुकते. घरात आरओचं पाणी असेल तर क्षार फारच कमी बसतो. पण निव्वळ केटलसाठी आरओचं पाणी वापरायला मी सांगणार नाही, कारण हे यंत्र शुद्ध करतं तेवढं किंवा त्याहून जास्त पाणी सांडपाण्यात सोडतं. महिन्यातून दहा ग्रॅम लिंबूसत्त्व त्यापेक्षा खूप स्वस्त.

विजेच्या बाजूचं काम जास्त गंभीर आहे. केटल धुण्याआधी प्लग काढलेला असावा. ती नळाखाली धरू नये, बादलीत बुडवू नये. बाहेरून ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. १५०० वॅटची केटल २३० व्होल्टवर साडेसहा ॲम्पियर वीज ओढते, आणि आपल्या घरांतलं छोटं सॉकेट सहा ॲम्पियरचं असतं. ते लगेच जळत नाही म्हणून लोक वापरत राहतात. आतली पितळी पट्टी मात्र हळूहळू तापून सैल होत जाते, आणि सैल जोड आणखी तापतो. केटल सोळा ॲम्पियरच्या पॉवर सॉकेटलाच लावावी. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डला किंवा दोन पिनांच्या जुगाडाला तर कधीच नाही, कारण तिसरी जाड पिन अर्थिंगची असते, आणि धातूच्या भांड्यात वीज उतरली तर जीव वाचवायला तीच असते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत ही पिन असूनही तिच्यामागे अर्थिंग नसतं. वायरमनकडून एकदा तपासून घेतलं पाहिजे. बोर्डात ३० मिलिॲम्पियरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं स्विच, बसवून घेतलं तर उत्तमच.

केटल ज्या बैठकीवर ठेवतो तिच्या मधल्या जोडणीकडे अधूनमधून पाहावं. तिथे पाणी सांडलं तर प्लग काढून, पुसून, दिवसभर वाळू द्यावं. जोडणीवर काळा डाग, वितळलेलं प्लास्टिक किंवा जळका वास असेल, केटल हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल, हाताला मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, किंवा तळाच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल, तर ती केटल त्याच क्षणी बंद करावी. क्षार काढून बऱ्या होणाऱ्या तक्रारींतल्या या नव्हेत. गॅरंटी असेल तर सेवा केंद्रात द्यावी. नाहीतर तिची वायर कापून ती ई-कचऱ्यात टाकावी. नुसती भंगारात गेली तर कुणीतरी ती पुसूनबिसून पुन्हा प्लगला लावण्याचा धोका असतो.